डावखुरं ब्रॅकेट

नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवशी मी यादी केली. अशा वेळी लोक रडतात, देवाला बोल लावतात, मैत्रिणींना फोन करतात. मला कागद लागतो. आरोग्यविमा माझ्या कंपनीतून आहे का: आहे. घराचा हप्ता एका पगारात भागेल का: ओढूनताणून. लेकीचे कॉलेजचे अर्ज: ठरल्याप्रमाणे चालू. नवऱ्याचा रेझ्युमे: आजच. सोफ्यावर आडवं होऊन छताच्या पंख्याकडे बघत राहणं हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. त्याने सुरुवात तिथूनच केली.

तो एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघायचा. शेवटचे काही आठवडे रोज सकाळी लवकर उठून तो हिंजवडीतल्या टीमला आपलं काम समजावून सांगत होता. आमच्या धंद्यात याला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. आपल्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं, नीट ओतलं गेलं असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं आणि मग लॅपटॉप परत करून घरी जायचं. आम्ही टेक्ससमध्ये, अर्विंगला, नवीन आलो तेव्हा नवऱ्याला अशीच केटी एका टेक्सन गृहस्थाने दिली होती. उंच, बोलघेवडा माणूस. शेवटच्या दिवशी त्याने आपला कॉफीचा मग वर्तमानपत्रात गुंडाळला, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला.

"तो पुढे कुठे गेला असेल गं?" नवऱ्याने पंख्याला विचारलं.

"आधी रेझ्युमे," मी म्हटलं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळात गेलो तर प्रत्येकाकडे सल्ला तयार. एका काकांनी एआय शिकून घ्यायला सांगितलं. त्यांना स्वतःला एआय म्हणजे नातवाने फोनवर दाखवलेलं काहीतरी, इतपतच माहिती होती. एका काकूंच्या मते घरं विकायचं लायसन्स काढणं सर्वांत सोपं. कोणीतरी गोठवलेल्या पुरणपोळ्यांचा धंदा सुचवला, आणि पोळ्या मी लाटणार हे त्यात गृहीत होतं. प्रसादाच्या रांगेत, हातात कागदी डिश धरून, लोक आमचं आयुष्य मार्गी लावत होते. नवरा सगळ्यांना "हो, बघतो" म्हणत होता. तो काही बघत नव्हता हे मला माहीत होतं. मी बघत होते. रोज संध्याकाळी, स्वतःचं ऑफिस संपवून, त्याच्या नावाने मी नोकऱ्या शोधत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवरा मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांना सॉफ्टवेअर कंपन्यांनी कॉलेजातूनच उचललं. लेथचं तेल हाताला लागलं ते वर्कशॉपच्या तासाला, तेवढंच. तरी जन्मभर हा माणूस स्वतःला मेकॅनिकलचा म्हणवत आला. विमानात बसलं की पंखाचे फ्लॅप समजावून सांगायचा. डिशवॉशर बिघडला की "बेअरिंग असणार" म्हणायचा आणि मग मी माणूस बोलवायचे. लाँड्रीत मशीनच्या वर एक फळी हवी, हे माझ्या यादीत लेक प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून आहे. आता ती कॉलेजला निघाली. फळी नाही.

त्याचा धाकटा भाऊ मात्र खरा मेकॅनिकलचा. त्याला मार्क कमी पडले, डिप्लोमा केला, कॉलेजातून कोणी उचललं नाही. त्याने भोसरीत गाळा भाड्याने घेऊन जुन्या मशीन्सवर सुरुवात केली. तेव्हा घरात सगळ्यांना त्याची काळजी वाटायची आणि आमचा अभिमान. पुढे त्याला टेक्ससमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं काम मिळालं. मोटर जिथे बसते तिथे खाली लागणारं पोलादी ब्रॅकेट. कोनासारखं, एका अंगाला तिरका कान, त्यात भोकं. ते ब्रॅकेट वर्षानुवर्षं भोसरीत बनून बोटीने इकडे येत होतं. त्याच्यावर दिराने स्वतःचा गाळा घेतला, मग शेजारचा घेतला.

त्याचा फोन आला तेव्हा नवरा पंख्याखालीच होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, तुमच्याकडे आयात कर वाढवलाय. माझ्या कस्टमरने मेल टाकलाय, आता लोकल व्हेंडर शोधतोय म्हणून. आणि वर मलाच सांगतोय, नवा माणूस मिळाला की त्याला जरा समजावून द्या."

"म्हणजे केटी," नवरा म्हणाला.

"हो, तुमची ती केटी. साडेसाती."

एका भावाचं काम टेक्ससमधून पुण्याला गेलं होतं, आणि दुसऱ्याचं पुण्याहून टेक्ससला यायला निघालं होतं. दोघांनीही आपापलं काम दुसऱ्याला शिकवून मगच जायचं होतं. हे ज्याने कोणी ठरवलं असेल त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

नवरा मात्र सोफ्यावर उठून बसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

विमानतळाच्या पलीकडे एक छोटा कारखाना आहे. लांबोडकी पत्र्याची शेड, समोर खडीचं पार्किंग. मालक सत्तरीचा टेक्सन. एके काळी त्याच्याकडे तीन पाळ्यांत काम चालायचं; मग गिऱ्हाइकं एकेक करून चीनला गेली, मेक्सिकोला गेली, भोसरीलाही गेली असणार. आता मोजकी माणसं आणि अर्ध्या मशीन्सवर ताडपत्री. नवरा तिथे सरळ आत गेला आणि म्हणाला, मी तुम्हाला एक काम आणून देतो, तुम्ही मला नोकरी द्या. ब्रॅकेटचं ड्रॉइंग जुनं, हाताने काढलेलं आहे. त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल मी करतो, मशीन कापेल. कस्टमर आमच्या घरचाच समजा.

हे त्याने मला न विचारता केलं. दिराला विचारलं होतं.

"जाणारच आहे तर घरात तरी जाऊ दे, वहिनी," दीर मला म्हणाला. आवाजात मोठेपणा होता आणि थोडं चिडणंही. "फक्त दादाला म्हणावं, फळीसारखं करू नको. वर्षं लावशील."

म्हणजे फळीची कीर्ती भोसरीपर्यंत पोचली होती.

मालकाने नवऱ्याला दोन महिन्यांसाठी घेतलं. पहिल्या नमुन्याची खेप कस्टमरने पास केली तर कायम, नाही तर रामराम. पगार ऐकून मी पाणी प्यायले. तो रोज सकाळी लोखंडी टोकाचे बूट घालून निघायचा आणि संध्याकाळी कूलंटचा वास घेऊन परतायचा. पोलाद कापताना मशीनवर सोडतात त्या दुधाळ पाण्याचा वास कपड्यांतून जात नाही. मी लाँड्रीच्या यादीत त्याच्यासाठी वेगळी धुणी लिहिली. लेक म्हणाली, "बाबा सीम्स हॅपी." मी म्हटलं, हॅपी ठीक आहे, पण हॅपीवर कॉलेज चालतं का? ती म्हणाली, "आई, प्लीज."

आणि तेवढ्यात माझी मेहनत फळाला आली. अ‍ॅशबर्नहून होकार आला. डेटा सेंटर चालवणारी कंपनी, वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट, पगार जुन्याच्या तोडीचा. त्याने व्हर्जिनियात खोली घेऊन राहायचं, महिन्यातून एकदा घरी यायचं. आदर्श नव्हे, पण व्यवस्थित. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आणि त्याच सोमवारी ब्रॅकेटच्या नमुन्याची खेप कस्टमरकडे जायची होती.

"हे बघ," मी त्याला म्हटलं, "तू तुझी हौस केलीस. आता हो म्हण."

"खेप जाऊ दे."

"खेप गेल्यावर हो म्हणणार?"

"खेप जाऊ दे मग बोलू."

याला मी काम करणं म्हणत नाही. माझ्या ऑफिसात असं उत्तर देणाऱ्याला मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पुन्हा विचारते. घरात ती सोय नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर दिराचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची सकाळ उजाडली होती, दसरा होता. तो कारखान्यातच उभा होता. मागे मशीन्स पुसून लखलखीत केलेल्या, प्रत्येकीला झेंडूची माळ, पॅनेलवर कुंकवाची बोटं, आणि कामगार नव्या शर्टात पेढे खात उभे. त्या दिवशी तिथे एकही मशीन चालत नाही. हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची, असा तिकडे नेम आहे. आमच्या घरीही आम्ही तो पाळतो, आमच्या पद्धतीने. पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझी चांगली सुरी, लेकीचं व्हायोलिन. यंदा नवऱ्याचा लॅपटॉप नव्हता. पाट रिकामा दिसेल म्हणून काय ठेवावं, हा विचार मी करत होते.

"वहिनी, दसऱ्याच्या शुभेच्छा! दादा, झालं का काम? दाखव की."

नवऱ्याने पिशवीतून ब्रॅकेट काढलं. आणलंच होतं त्याने घरी, जेवायच्या टेबलावर ठेवून आम्हाला दाखवायला. खरं सांगायचं तर सुरेख दिसत होतं. कडा गुळगुळीत, भोकं काटेकोर. त्याने ते फोनसमोर धरलं आणि हळूहळू फिरवलं, साडी दाखवणाऱ्या दुकानदारासारखं.

दीर फोनजवळ वाकला. मग दीर म्हणाला, "दादा, ते उलटं आहे."

"फिरवून धरलंय मी."

"तसं नाही. कान डावीकडे आलाय."

"कॅमेरा उलटा दाखवतो रे. सेल्फी कॅमेरा आहे."

"बाबा," लेक टेबलाच्या टोकावरून म्हणाली, "दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स. फक्त तुला तुझाच व्हिडिओ उलटा दिसतो. काकांना सरळच दिसतं."

दिराने मागच्या रॅकवरून स्वतःचं एक ब्रॅकेट उचललं आणि समोर धरलं. पडद्यावरच्या त्या ब्रॅकेटशेजारी नवऱ्याने हातातलं धरून पाहिलं. एक उजवा हात, एक डावा हात. मला मेकॅनिकलचं काही कळत नाही, पण हातमोजे कळतात.

"मापं बरोबर आहेत," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "सगळी मापं तपासलीत."

"मापं बरोबरच असणार. आरशातली मापंही बरोबरच असतात." मग दिराला एकदम उमगलं आणि तो हसायलाच लागला. "अरे दादा! तू ते फर्स्ट अँगलने वाचलंस! आपल्या कॉलेजसारखं!"

मागे उभ्या कामगारांपैकीही एकजण हसला. त्यालाही कळलं होतं. मलाच तेवढं कळलं नव्हतं, म्हणून समजावून घेतलं. वस्तू कागदावर दाखवताना ती समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, अशी वेगवेगळी चित्रं काढतात. आपल्याकडे शिकवतात त्या पद्धतीत डावीकडून पाहिलेलं चित्र उजवीकडे काढायचं. अमेरिकेत डावीकडचं डावीकडेच. ड्रॉइंग अमेरिकन होतं. माझ्या नवऱ्याने सगळा संसार अमेरिकेत केला, गाडी उजवीकडून चालवायला एका दिवसात शिकला, तारखेत महिना आधी लिहायला शिकला, आणि हा एक कागद मात्र पुण्यातल्या कॉलेजच्या बाकावर बसून वाचला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"परत कापायचं. उद्या," नवरा म्हणाला.

"तुमच्याकडे उद्या दसरा आहे, दादा. उद्या मशीनला हात लावू नको."

"सोमवारी डिलिव्हरी आहे."

"डिलिव्हरी माझ्याकडेही होती. मी परवाच उरकली," दीर म्हणाला. असं बोलायची संधी धाकट्या भावाला रोज मिळत नाही.

फोन बंद झाला. मी म्हटलं, "आता तरी अ‍ॅशबर्नला हो म्हण. तुला हाकलायच्या आधी." तो उठून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी चालू केली नाही, नुसता बसला. खिडकीतून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि जाऊन विचारावं एवढा धीर माझ्याकडे उरला नव्हता. मी भांडी लावली.

सकाळी उठले तर तो निघून गेला होता. डबा न घेता.

दुपार व्हायला लागली तशी मी लेकीला म्हटलं, चल. डबा घेतला, पोळी-भाजी आणि दसऱ्याचं श्रीखंड. इंडियन स्टोअरमधून आणलेली झेंडूची फुलं आणि कुंकवाची डबीही पिशवीत टाकली, कारण घरात पाट मांडून ज्याने पूजा करायची तोच माणूस तिकडे होता. आणि मनाशी यादी करत गेले. पहिलं: मालकाशी नम्रपणे बोलणे. दुसरं: नवऱ्याकडून तिथल्या तिथे अ‍ॅशबर्नला मेल पाठवून घेणे.

शेडचं मोठं दार उघडं होतं. आत मालक पॅकिंगच्या खोक्यावर बसला होता. त्याच्यासमोर बाकावर ती सगळी उलटी ब्रॅकेटं ओळीने मांडलेली, सगळी चकचकीत. नवरा कॉम्प्युटरवर वाकला होता.

"तू बायको का?" मालकाने विचारलं.

"हो. आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट धिस."

त्याने एक ब्रॅकेट उचलून माझ्या हातात दिलं. जड होतं. "काम उत्तम आहे," तो म्हणाला. "फक्त डावखुरं. उजव्या हाताच्या गिऱ्हाइकाला डावखुरं काम काय करायचंय? पोलाद वाया गेलं ते वेगळंच. आणि आज कॉलेजची फुटबॉलची मॅच आहे, हे तुझ्या नवऱ्याला कोणी सांगितलंय का?"

"त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"ते मला आज सकाळी सहाला त्याने दार वाजवलं तेव्हाच कळलं."

मी नवऱ्याजवळ गेले आणि मराठीत म्हटलं, "काढ फोन. अ‍ॅशबर्नला मेल कर. माझ्यासमोर."

"केला."

मला क्षणभर बरं वाटलं. "काय लिहिलंस?"

"नाही म्हणून कळवलं. काल, गाडीत बसून."

माझ्या हातात ते ब्रॅकेट होतं आणि ते जड होतं, एवढंच सांगते.

"ब्रॅकेट उलटं निघाल्यावर?" मी म्हटलं. "म्हणजे इथलीही नोकरी जाणार हे कळल्यावर तू तिथलीही सोडलीस? हा कुठला हिशेब?"

"तिथे वर्षभर काम करून शेवटी काय करणार मी? परत कोणाला तरी केटी देणार," तो म्हणाला. "मला आता केटी द्यायची नाही. इथे निदान चूक हातात धरता येते."

"मग धर! ती बघ, बाकभर आहेत. दोन्ही हातांनी धर!"

लेक हळूच म्हणाली, "आई, त्यांना टोन कळतो हं." मालक आमच्याकडे बघत होता. भाषा कळायची त्याला काही गरज नव्हती.

"ती काय म्हणते आहे?" त्याने नवऱ्याला विचारलं.

"ती म्हणते, मी परत कापून द्यावीत."

"बरोबर म्हणते," मालक म्हणाला. "कस्टमरच्या हातात पडायच्या आधी सांगितलंस म्हणून आज तुला मशीन देतोय. सोमवारी काय ते तो ठरवेल. मी नाही, आणि तुझी बायकोही नाही."

हे मला मुळीच आवडलं नाही. पण त्यात खोडायला काही जागा नव्हती.

नवऱ्याने मॉडेल उलटवून पुन्हा तयार केलं. भोसरीत मध्यरात्र व्हायला आली होती, तरी दीर फोनवर होता. त्याने एकेक बाजू वाचून घेतली. "कान?" "उजवीकडे." "कोणाच्या उजवीकडे?" "माझ्या." "तू कुठे उभा आहेस?" हे चालू असताना मी पिशवीतली फुलं काढली. मशीन सुरू व्हायच्या आधी काय ते करून घ्यावं.

"आई, डोन्ट बी वीअर्ड," लेक म्हणाली. तरी तिने झेंडू मांडायला मदत केली.

मालकाने विचारलं, हे काय चाललंय. नवऱ्याने सांगितलं: आज आमच्याकडे हत्यारांचा दिवस. त्यांना ओवाळतात, आणि दिवसभर चालवत नाहीत, विश्रांती देतात.

"विश्रांती?" मालक म्हणाला. त्याने ताडपत्रीखालच्या मशीन्सच्या रांगेकडे हात केला. "माझ्या मशीन्सनी पंधरा-वीस वर्षं विश्रांतीच घेतली आहे. तुमच्या देवाला सांगा, आज चालू दे."

मी पॅनेलच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, जिथे कूलंट उडणार नाही तिथे. नवऱ्याने हिरवं बटण दाबलं. फोनवरून दीर म्हणाला, "दसऱ्याच्या दिवशी मशीन चालवतोस. आई काय म्हणेल?" "आईला सांगू नको," नवरा म्हणाला, आणि मशीनच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

मालकाने मॅच फोनवर लावली आणि श्रीखंड खाल्लं. हे दही आहे असं सांगितल्यावरही खाल्लं.

सोमवारी खेप गेली. मी त्या दिवशी ऑफिसात होते, आणि सगळा दिवस माझ्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून, घालवला. संध्याकाळी नवऱ्याचा मेसेज आला: बसलं. एक शब्द. मी उलट विचारलं, कोण बसलं? तर म्हणे ब्रॅकेट, मोटरखाली. पास केलं त्यांनी.

तो कायम झाला. पगार होता तेवढाच आहे. मी यादी पुन्हा केली: बाहेरचं जेवण कमी, भारताची फेरी पुढच्या वर्षी, लेकीने स्टेटमधल्याच, कमी फीच्या कॉलेजला जायचं. तिची त्याला ना नव्हती. ते तिने आधीच ठरवलं होतं म्हणे. मला सांगायचं कोणालाच सुचत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कस्टमर म्हणजे कस्टमर. काही आठवड्यांनी त्यांचा मेल आला. आयात कराचं पुन्हा काहीतरी बदलतं आहे, पुढे काय होईल सांगता येत नाही, म्हणून निम्मी ब्रॅकेटं टेक्ससमध्ये आणि निम्मी पूर्वीसारखी भोसरीत. सगळी अंडी आम्ही एकाच टोपलीत ठेवणार नाही, वगैरे. मालक चिडला, कारण त्याने पूर्ण ऑर्डर धरून एका मशीनवरची ताडपत्री काढली होती. दीर चिडला, कारण त्याने एका माणसाला आधीच कमी केलं होतं आणि आता त्याच्या दारात जाऊन त्याला परत बोलवावं लागणार होतं. मी चिडले, कारण कोणीतरी कुठेतरी बसून सकाळी एक ठरवतं आणि दुपारी दुसरं, आणि त्यांच्या प्रत्येक ठरवण्यासरशी माझ्या यादीतलं एक पान फाडावं लागतं.

"आता तू माझा कॉम्पिटिटर, दादा," दीर फोनवर म्हणाला.

"निम्म्यात निम्मं. लहानपणी चिकूचं करायचो तसं."

"तेव्हाही मोठा तुकडा तूच घ्यायचास."

दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीबरोबर सासूबाईंनी फराळ पाठवला. चकल्यांच्या डब्याखाली, टॉवेलात गुंडाळून, एक जड वस्तू होती. विमानतळावर तिला ती उघडून दाखवावी लागली, आणि ती मला त्याबद्दल अजून ऐकवते. ते दिराचं ब्रॅकेट होतं. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: सरळ असं असतं. समोर ठेव.

नवऱ्याने ते समोर ठेवलं नाही. रविवारी सकाळी मी उठले तर लाँड्रीतून ड्रिलचा आवाज येत होता. फळीला दोन्ही टोकांना आधार लागतो, एक डावा, एक उजवा. डाव्या बाजूला त्याने टेक्ससचं उलटं ब्रॅकेट लावलं, उजव्या बाजूला भोसरीचं सरळ. वर एक पाइनची फळी. तो एक पाऊल मागे सरकून बघत उभा राहिला आणि मग मला हाक मारली.

मी साबणाची बाटली फळीवर ठेवली. ती हळूहळू उजवीकडे सरकायला लागली.

"कललीय," मी म्हटलं.

"भिंत वाकडी आहे," तो म्हणाला.

मी बाटली पकडली. फळीखाली पंप कंपनीची मोटर तोलेल एवढं पोलाद होतं आणि ती एक बाटली सांभाळू शकत नव्हती. कपाटातून मी पुठ्ठा आणला, घडी करून उजवीकडे फळी आणि ब्रॅकेटच्या मध्ये सरकवला आणि बाटली पुन्हा ठेवली. राहिली. यादीतली ती जुनी ओळ मी खोडली, आणि तिच्याखाली लिहिलं: फळी सरळ करणे.